गव्हाणेबाईंनी ठरवलेली वजनं

गव्हाणेबाई निवृत्त झाल्या तेव्हा शिरूरच्या आमच्या शाळेनं स्मरणिका काढली. मलाही पत्र आलं होतं. बाईंच्या हाताखाली तयार झालेली खेळाडू म्हणून दोनशे शब्दांत आठवण लिहा, सोबत एक फोटो द्या. फोटो मी पाठवला. आठवण लिहायला बसले आणि दोन ओळींनंतर कागद चुरगळून टाकला. पहिल्याच ओळीत 'आदरणीय' लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. पुढं स्मरणिका छापून आली, तर माझ्या फोटोखाली कुणीतरी परस्पर एक वाक्य टाकलेलं : 'बाई नसत्या तर मी आज कुणीच नसते.' असं मी कुठं बोलले नव्हते. पण ते वाक्य खरं आहे, आणि बाईंवरचा माझा राग जात नाही त्याचं ते एक कारण आहे.

बाई आम्हाला पी.टी.ला होत्या. बुटक्या, आडव्या बांध्याच्या, साडीला खांद्यावर मोठी पिन आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज अगदी बारीक. तो त्या कधी चढवत नसत, तरी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नीट ऐकू यायचा. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी वजन उचललं नव्हतं. कॉलेजात असताना भाला फेकायच्या म्हणे. दहा दिवसांचं कसलंसं शिबिर करून आल्या आणि शाळेमागच्या जुन्या बाकांच्या खोलीत त्यांनी मुलींचं वेटलिफ्टिंग सुरू केलं. का, तेही त्या उघड सांगायच्या.

"कबड्डीला गावोगाव पोरी हायत. खो-खोचं तर इचारूच नका. हितं गर्दी न्हाई. गर्दी न्हाई तिथं जायचं आन् पदक घेऊन यायचं."

मुलींकडंही त्या याच नजरेनं बघायच्या. तेव्हा, म्हणजे नव्याण्णव-दोन हजारच्या सुमाराला, मुलींचे वजनगट होते अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, अठ्ठावन्न, त्रेसष्ट आणि त्याच्या पुढचे. त्रेपन्नच्या मुलीनं स्पर्धेच्या दिवशी त्रेपन्न किलोच्या आत भरायचं. एक घोट पाणी जास्त झालं तरी बाहेर. कुठल्या गटात जिल्ह्यात किती मुली आहेत आणि कुठली जागा मोकळी आहे, हे बाईंना तोंडपाठ असायचं. मधल्या वजनाची मुलगी त्यांना सहन व्हायची नाही. "पंचावन्न किलोची पोरगी म्हंजी दोन स्टॉपच्या मधी उतरलेला पाशिंजर," असं म्हणायच्या. तिला एक तर खाली उतरवायची, नाही तर वर चढवायची.

नावानं त्या कुणाला हाक मारत नसत. "ए त्रेसष्ट, प्लेटा लाव." "अठ्ठेचाळीस कुठं उलथली?" नवीन मुलीनं नाव सांगितलं की म्हणायच्या, "नाव आईबापानं ठिवलंय. वजन मी ठिवणार."

दर सोमवारी सकाळी त्या आम्हाला मार्केट यार्डात न्यायच्या. तिथं त्यांच्या ओळखीच्या एका आडत्याकडं कांद्याच्या गोण्यांचा काटा होता. त्यावर एकेकीला चढवायच्या आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायच्या. हमाल गोण्यांवर बसून तंबाखू मळत बघत असायचे. कुणी अंग चोरलं तर बाई म्हणायच्या, "लाजायला काय झालं? गोणी लाजती का?"

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवं. एकदा एक हमाल आमच्यातल्या एकीकडं बघून काहीतरी घाण बोलला. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ये, चढ काट्यावर." तो हसायला लागला. बाई हलल्या नाहीत. शेवटी बाकीच्यांनीच त्याला ढकललं. बाईंनी काटा वाचला. "बासष्ट. ही पोरगी तुझ्यापेक्षा जास्त डोक्यावर धरती. आता खाली उतर आन् गोण्या उचल." त्यानंतर यार्डात आम्हाला कुणी काही बोललं नाही. हेडसर म्हणाले होते की मुलींनी जड उचललं तर पुढं मूल होत नाही, तेव्हा बाईंनी त्यांना सगळ्या स्टाफसमोर विचारलं होतं, "सर, तुमच्या घरी पाण्याचे हंडे कोण उचलतं?" खोलीची किल्ली त्याच दिवशी मिळाली. हे सगळं खरं आहे. बाई घाबरट नव्हत्या. घाबरट असत्या तर त्यांचा राग करणं मला सोपं गेलं असतं.

यार्डात बाईंनी जिचा दाखला दिला ती मुलगी म्हणजे मंगल सोनवणे. माझ्या वर्गातली, माझ्या बाकावरची. तिचे वडील गवंडीकाम करायचे, काम मिळेल तसं. आई रोजानं कांद्यात जायची. खालच्या आळीत दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि पाच भावंडं. मंगलमध्ये काहीतरी निराळंच होतं. आम्ही बार ओढायचो. ती त्याच्याखाली शिरायची, इतकी पटकन की बार वर गेला की ती खाली गेली ते कळायचं नाही. स्नॅचला, म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर, ती साडेसत्तावन्न किलो सहज घ्यायची, तेव्हा मी पन्नासला धापा टाकत होते.

अकरावीत आमचं दोघींचं वजन जवळजवळ एकच भरायचं, छप्पन्नच्या आसपास. आणि बाईंकडं दोन जागा मोकळ्या होत्या, त्रेपन्न आणि अठ्ठावन्न. म्हणजे एकीनं तीन किलो उतरायचं आणि दुसरीनं दोन किलो अंग भरून वरच्या गटात तगायचं. एका गटात दोघी चालायच्या, पण मग त्रेपन्नचे गुण हातचे गेले असते.

बाईंची एक पद्धत होती. मुलीचा गट ठरवायच्या आधी त्या तिच्या घरी जाऊन तिच्या आईला बघायच्या. पोरगी आईच्या वळणावर जाते, असं त्यांचं म्हणणं. पर्समधून दोऱ्याचं रीळ काढायच्या आणि आईच्या मनगटाला दोरा गुंडाळून बघायच्या. जाड मनगट असेल तर पोरगी वरच्या गटाची, बारीक असेल तर खालच्या.

एका रविवारी त्या आम्हा दोघींकडं आल्या. आधी मंगलकडं. मीही बरोबर होते. मंगलची आई कामावरून नुकतीच आली होती, हाताला माती होती. ती हात धुऊन पुसत आली आणि बाईंसमोर उभी राहिली. बाईंनी दोरा गुंडाळला, तोडला आणि ठेवून दिला. मंगलनं चहा ठेवला होता. बाई म्हणाल्या, "मला नको. उपास हाय." मंगलची आई म्हणाली, "उपासाला चहा चालतो की बाई." बाई म्हणाल्या, "मला न्हाई चालत," आणि उठल्या.

तिथून आमच्या घरी यायला दहा मिनिटं लागतात. आमचे आप्पा रांजणगावच्या कंपनीत कायम होते. स्लॅबचं घर होतं, दारात स्कूटर होती. बाईंनी माझ्या आईच्या मनगटाचा दोरा घेतला, पोह्यांची बशी दोनदा घेतली आणि वर चहा घेतला. मी पोहे वाढत होते. मला त्या दिवशी त्यात काही दिसलं नाही. दिसायला बरीच वर्षं लागली.

दोन्ही दोरे त्यांनी आमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. मंगलच्या आईचा दोरा जास्त लांब होता, चांगला बोटभर. बाईंच्याच पद्धतीनं बघितलं तरी मंगल वर जायला हवी होती. बाईंनी दोन्ही दोरे गोळा करून मुठीत घेतले आणि आप्पांना म्हणाल्या, "तुमची पोरगी वर घालते. वर घालायचं तर घरात दूध, अंडी असावं लागतं. ते तुमच्याकडं हाय. दुसरीला खाली उतरवते. कमी खायला काय लागतं? काहीच न्हाई."

आप्पांनी मान डोलावली. आईनं आणखी चहा विचारला. मी तिथंच उभी होते आणि मला आनंद झाला होता. तोही सांगून टाकते.

पुढचे सहा महिने मी खात होते. सकाळी दुधात दोन अंडी फेटून, मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचे लाडू, आणि संध्याकाळी सराव झाला की बाईंसमोर बसून चार केळी. घरी न्यायची नाहीत. "न्हेलीस की भावाला देशील. हितंच खा." खोलीत मंगल असायची. मी केळं सोलायला लागले की ती बुटाची नाडी सोडून परत बांधायची. चार केळी होईपर्यंत तिची नाडी चाललेली असायची.

तिला बाईंनी सकाळची भाकरी बंद केली होती. संध्याकाळी अर्धी आणि पालेभाजी. स्पर्धा जवळ आली की स्वेटरवर रेनकोट घालून ती मैदानाला फेऱ्या मारायची आणि बाई पायरीवर बसून मोजायच्या. जिल्ह्याला ती त्रेपन्नमध्ये पहिली आली, विभागाला पहिली आली. बक्षीस घ्यायला गेली तेव्हा तिचे गाल आत गेलेले होते. बाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघा, मी म्हनलं नव्हतं?"

त्याच सुमाराला एक दिवस मंगलनं मला सांगितलं की चार महिने तिला पाळी आली नाही. घरी सांगायची तिला भीती वाटत होती. आई भलताच संशय घेईल म्हणत होती. मी धीर करून बाईंना सांगितलं. बाई प्लेटा पुसत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "बरं झालं की. तेवढी दगदग वाचली." मी तशीच उभी राहिले, तर म्हणाल्या, "आन् तू तुझ्या वजनाचं बघ. पाव किलो कमी भरलीस सोमवारी."

राज्य स्पर्धा सांगलीकडं होती. निघायच्या आदल्या दिवशी यार्डातल्या काट्यावर मंगल त्रेपन्नला थोडी कमी भरली. त्या काट्यानंतर तिनं काही खाल्लं नाही. एस.टी.त माझ्या शेजारी बसून ती लिंबाची साल चघळून थुंकत होती. रात्रभर झोपली नाही.

तिथला काटा नवा होता, लाल आकडे उमटणारा. मंगल चढली. त्रेपन्न पूर्णांक पाच. उतरून पुन्हा चढली. तेवढंच. बाईंनी तिच्या दंडाला धरून बाजूला ओढलं.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई बाई."

"खोटं बोलू नगंस. चोरून काय खाल्लंस ते सांग."

"आईशप्पत काय न्हाई."

माझं वजन दुसऱ्या दिवशी होणार होतं, पण काटा मोकळा होता म्हणून मी सहज चढले. मीही यार्डातल्यापेक्षा अर्धा किलो जास्त भरले. म्हणजे फरक कांद्याच्या काट्यात होता. मी बाईंकडं गेले आणि म्हणाले, "बाई, माझंही अर्धा किलो जास्त भरतंय. आपला काटाच चुकीचा हाय." बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना कळलं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मी स्वच्छ पाहिलं. मग म्हणाल्या, "तू गप बस."

मी गप बसले.

तासाभराची मुदत होती. मंगल स्वेटर आणि रेनकोट घालून भर उन्हात मैदानाला पळत राहिली. दोनदा खाली बसली, दोनदा उठली. तास संपता संपता काट्यावर चढली तेव्हा तिला दोघींनी धरून आणलं होतं. त्रेपन्न पूर्णांक एक.

टेबलावर एक म्हातारे पंच होते, दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांना वाईट वाटलं असावं. ते बाईंना म्हणाले, "म्याडम, अठ्ठावन्नचं उद्या आहे. एका संघाच्या दोन मुली चालतात. तुम्ही बदल लिहून द्या, सही करा, मी हिला उद्या घेतो. पोरीला पाणी पिऊन झोपू द्या."

त्यांनी कागद पुढं केला. बाईंच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. मी शेजारीच होते. सगळ्यांना माहीत होतं की मंगल त्रेपन्न किलोच्या अंगानं अठ्ठावन्नमध्ये उतरली असती तरी पहिल्या दोघींत आली असती. आणि मी जी तिसरी येणार होते, ती चौथी गेले असते. अठ्ठावन्नमध्ये बाईंना दोन पदकं मिळाली नसती, एकच मिळालं असतं, आणि ते त्यांनी खाली घातलेल्या मुलीला. जिला त्यांनी वर घातलं ती रिकामी परतली असती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "नको. जिनं वजन पाळलं न्हाई तिला मी दुसऱ्या दारानं आत घेत न्हाई. पोरींना शिस्त लागली पायजे."

मंगल भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ फुटले होते. ती तिथूनच म्हणाली, "बाई, तुम्ही कधी उचललंय का वो?"

"मला उचलायची गरज न्हाई," बाई म्हणाल्या. "मी पोरींकडनं उचलून घेते."

दुसऱ्या दिवशी मंगल माझ्याबरोबर आतल्या खोलीत होती. माझ्या प्लेटा तिनं लावल्या, माझ्या हाताला पावडर तिनं लावली. शेवटच्या जर्कच्या, म्हणजे खांद्यावरून डोक्यावर न्यायच्या उचलीच्या, आधी माझा धीर सुटला तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाली, "खाली शीर. ओढू नको, नुसती खाली शीर." मी शिरले. पासष्ट किलो डोक्यावर राहिले. मी तिसरी आले. बाईंनी मला कडेवर घेतल्यासारखं उचललं. त्यांनी आयुष्यात जे काय एकदा उचललं असेल ते मलाच.

पुढचं वर्ष मंगलला मिळालं नाही. ती बारावीला बसलीच नाही. घरात पैशाची ओढ होती आणि रांजणगावला ठेकेदाराकडं पॅकिंगवर पोरी लागत होत्या. बाईंनी तिला परत बोलावलं नाही. त्रेपन्नसाठी त्यांनी दुसरी बघितली, जात्याच बारीक चणीची. मी आणखी तीन वर्षं उचललं, एकदा नॅशनलला गेले आणि खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागले. दौंडला बुकिंगच्या खिडकीत. त्या नोकरीच्या अर्जाला लावलेलं पहिलं प्रमाणपत्र त्या तिसऱ्या क्रमांकाचं होतं.

मंगलशी माझं अजून आहे. तिचं बरं चाललंय. लाईनवर सुपरवायझर झाली, नवरा पाटसच्या कारखान्यात आहे, दोन मुलं आहेत. एकदा मी तिच्यापाशी बाईंचा विषय काढला आणि बोलत सुटले. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू अजून तेच धरून बसलीस व्हय? मला त्या बाईचं तोंडसुद्धा नीट आठवत न्हाई आता. तवाची भूक तेवढी आठवती." मग परातीतलं पीठ गोळा करत म्हणाली, "आन् खरं सांगू का, तू माझ्यावतीनं रागावती ते मला आवडत न्हाई. तुझा राग तू तुझ्याकडं ठिव." तेव्हापासून तो माझ्याकडंच आहे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी. दुपारची वेळ होती, लाईन मोठी होती. मी मान खाली घालून तिकिटं काढत होते आणि तो बारीक आवाज आला, "सोलापूर एक." मी वर बघितलं. केस पांढरे झाले होते, जाड भिंगाचा चष्मा होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. मागच्या माणसाला म्हणाल्या, "ही माझी पोरगी. स्टेटला पदक हाय हिचं."

मी म्हटलं, "बाई, मंगल आठवते का? सोनवणे. आम्ही दोघी होतो."

"न आठवायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "दोघी सारख्याच व्हत्या. त्यातली एकच वर बसणार व्हती. मी एक बसवली."

"चुकीची बसवलीत बाई," मी म्हटलं. हे मला इतकी वर्षं म्हणायचं होतं, आणि म्हटलं तेव्हा माझा आवाज तिकिटासाठी गावाचं नाव विचारावं तसा सपाट आला.

बाईंनी काचेतून आत बघितलं. माझी खुर्ची, डोक्यावरचा पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सावकाश बघून घेतलं.

"चुकीची कशी?" त्या म्हणाल्या. "बसलीस का न्हाईस?"

मी तिकीट पुढं सरकवलं. त्यांनी ते चष्म्याच्या डबीत घातलं, पिशवी उचलली आणि निघाल्या. माझ्या खिडकीतून प्लॅटफॉर्मवरच्या पुलाचा जिना दिसतो. बाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. त्या कठड्याला धरून, आडव्या होऊन, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढत होत्या. एका कॉलेजच्या पोरीनं पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. चौथ्या-पाचव्या पायरीला थांबल्या, श्वास घेतला, परत चढायला लागल्या.

मला वाईट वाटलं नाही. वाटेल म्हणून मी थोडा वेळ हात थांबवून बघत राहिले. मग लाईनीतून कुणीतरी काचेवर टकटक केलं, आणि मी पुढच्याला विचारलं, कुठं जायचंय.